सिलिंग कापताना कॉर्डलेस मशीन सारखी बंद पडते? नवीन बॅटरी घेण्याआधी हे तपासा

तक्रार सगळीकडे एकच असते. मल्टी-टूल किंवा जिप्सम कापायची कटआउट मशीन खाली टेबलावर झकास चालते. घोडीवर चढून तीच मशीन सिलिंगला लावली की दोन-तीन होल होतात आणि थांबते. बटण बंद-चालू केलं तर क्षणभर फिरते, परत गप्प. थोडा वेळ खाली ठेवली की पुन्हा चालू. "भाऊ, मशीन चालता चालता बंद पडून राह्यली, दुकानदार म्हणते बॅटरी गेली," असं सांगत माणूस नवीन बॅटरी घेऊन येतो, आणि नव्या बॅटरीवरही तेच रडगाणं सुरू राहतं.

हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा या पट्ट्यात सिलिंगची कामं करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. उन्हाळ्यात डोक्यावरच्या कामात अशा थांबणाऱ्या बहुतेक मशीनची मोटरही चांगली असते आणि बॅटरीही. मशीन स्वतःला जळण्यापासून वाचवत असते. तिच्यावर नेमका कशाचा ताण येतो आहे, ते ओळखायचं असतं. गरमी, धूळ, बोथट ब्लेड आणि छोटी बॅटरी हे चार संशयित आहेत, आणि आपल्याकडे ते बहुधा एकत्रच येतात.

गरमीचा हिशेब

आपल्याकडे घराची कामं कधी निघतात ते बघा. कापूस-तुरीचा पैसा हातात आला, घरात लग्न ठरलं, की हॉलला सिलिंग करायचं ठरतं. म्हणजे काम येतं एप्रिल-मे महिन्यात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा या भागात तेव्हा पारा ४५ च्या आसपास असतो. नागपुरात तर मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

या मशीनच्या लिथियम-आयन बॅटरीला काम करताना साधारण ६० अंशांपर्यंतची गरमी चालते. आत एक छोटा तापमान-सेन्सर बसवलेला असतो. सेलची गरमी हद्दीबाहेर जायला लागली की पुरवठा बंद होतो. डिसेंबरात २० अंशांवरून काम सुरू केलं तर बॅटरीला तापायला ४० अंशांची मोकळीक मिळते. मे महिन्यात ती सुरुवातीलाच ४२ वर असते, तेव्हा उरतात फक्त १८. मशीन तीच, हात तोच, काम तेवढंच, तरी दिवाळीत दिवसभर चालणारी मशीन लग्नसराईत दम तोडते ती यामुळे.

त्यात डोक्यावरचं काम. गरम हवा वर चढते, म्हणून खोलीतली सगळ्यात तापलेली हवा सिलिंगला चिकटून असते. वर टिनपत्रे असतील तर दुपारी बारानंतर पत्रा आणि सिलिंग यांच्या मधली पोकळी भट्टीसारखी होते. होल पडलं की तीच हवा थेट मशीनच्या तोंडावर येते. मशीनचा आतला पंखा मोटर थंड करायला बाहेरची हवा ओढतो, पण ओढायला थंड हवाच नसते.

यावर माझा उपाय साधा आहे. कापाकापीचं सगळं काम सकाळी सहा ते दहामध्ये उरकायचं. फ्रेम बांधणं, मापं घेणं, स्क्रू मारणं, जोड भरणं ही कामं नंतर करता येतात. दुसरी बॅटरी घोडीच्या वरच्या पायरीवर ठेवू नका, ती खाली सावलीत फरशीवर ठेवा. एक बॅटरी कोमट झाली की ती खाली उतरवा आणि दुसरी लावा. बंद पडेपर्यंत थांबू नका. बॅटरी लवकर थंड व्हावी म्हणून ती ओल्या गोणपाटात गुंडाळणारे किंवा फ्रिजमध्ये ठेवणारे मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नका. फ्रिजमधून काढलेल्या बॅटरीवर दव धरतं आणि ते पाणी आतल्या सर्किटवर जातं. कूलरच्या समोर पण पाण्याच्या तुषारांपासून लांब, कोरड्या जागी ठेवली तर चालते. कापणं सुरू असताना मात्र कूलर बंदच हवा. नाहीतर जिप्समची धूळ घरभर पसरते आणि कूलरच्या ताट्यांतही जाऊन बसते.

हात लावून ओळखा

मशीन थांबली की लगेच तीन जागी हात लावा: बॅटरीला, मधल्या मुठीला जिथे मोटर असते, आणि पुढच्या डोक्याला जिथे ब्लेड बसतं. डोक्याला हात लावताना जपून, ते चटका देऊ शकतं.

बॅटरी जास्त तापलेली असेल तर तिच्याकडून तिच्या ताकदीपलीकडचा करंट ओढला जातो आहे. मधला भाग तापला असेल तर हवेच्या खाचा धुळीने बुजलेल्या आहेत. पुढचं डोकं तापलं असेल तर ब्लेड बोथट आहे किंवा तुम्ही फार दाबता आहात. कधी कधी आतलं बेअरिंग गेलेलं असतं. तिन्ही थंड आणि तरीही मशीन बंद, तर गडबड बॅटरीच्या संपर्कपट्ट्यांत किंवा बटणात शोधा. नुसत्या हाताने केलेली ही तपासणी निम्मं निदान करून टाकते. पण ती थांबल्या थांबल्या केली तरच उपयोग. चहा पिऊन आल्यावर सगळंच सारखं लागतं.

त्यानंतर अदलाबदल करून पाहा. तीच बॅटरी ड्रिलला लावून भिंतीत चार होल मारा. ड्रिल नीट चालली तर बॅटरीवरचा आरोप बहुतेक खोटा. दुसऱ्याची त्याच कंपनीची बॅटरी या मशीनला लावून बघा. मशीन मोकळी दोन मिनिटं चालवा. मोकळी चालते आणि कापतानाच थांबते, तर ताण ब्लेडचा आहे.

धूळ खाली पडते, आणि खाली मशीन असते

भिंत कापताना धूळ बाजूला पडते. सिलिंग कापताना ती सरळ मशीनच्या अंगावरून ओघळत खाली येते. मल्टी-टूल वर धरली की डोकं वर आणि शेपूट खाली. धूळ मुठीवरून घसरत हवेच्या खाचांपर्यंत जाते आणि तिथून बॅटरीच्या जोडापर्यंत. पंखा ती आत ओढतो. जिप्समची धूळ पिठासारखी बारीक असते. कोरडी असताना ती उडून जाते, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तीच ओल धरते आणि मोटरच्या भोवती थर होऊन बसते. पावसाळ्यात पेटीत ठेवलेली मशीन पुढच्या सिझनला पहिल्याच दिवशी तापते त्याचं हे कारण आहे.

धूळ आत जाऊ नये म्हणून मशीनला रुमाल किंवा जुना मोजा बांधायची पद्धत गावोगावी आहे. भावना चांगली, पण परिणाम उलटा होतो. धूळ थोडी अडते आणि हवा पूर्ण अडते. त्यापेक्षा धूळ जिथे निघते तिथेच अडवा. गोल होलसाठी होल-सॉ वापरत असाल तर आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्याच्या बुडाला मधोमध भोक पाडून त्यातून होल-सॉचा दांडा ओवा आणि मग तो ड्रिलच्या चकमध्ये घट्ट करा. डबा होल-सॉपेक्षा रुंद आणि थोडा खोल हवा, म्हणजे त्याची कड सिलिंगला टेकते. ड्रिल फिरते, डबा हाताने धरून ठेवायचा. बहुतेक भुकटी डब्यातच जमा होते. काम झाल्यावर डबा तिरपा न करता सरळ खाली आणायचा. डोळ्यात धूळ जात नाही, घरमालकीण खूश राहते आणि मशीन वाचते.

रोज काम संपलं की बॅटरी काढून, मोकळी मशीन पालथी धरून खाचांतून हवा मारा. हातातला ब्लोअर उत्तम. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर नेणार असाल तर आधी टाकीतलं पाणी काढायला सांगा, नाहीतर हवेबरोबर पाणीच आत जातं. नळी खाचेला अगदी चिकटवू नका, वीतभर लांबून मारा. बॅटरीच्या आणि मशीनच्या संपर्कपट्ट्या कोरड्या टूथब्रशने साफ करा. पट्टीवर काळा डाग दिसला तर तिथे ठिणगी पडते आहे असं समजा. बॅटरी वर धरून हलवली आणि ती खडखडली, तर मशीन थांबण्याचं कारण तिथेच आहे. खाली टेबलावर बॅटरी स्वतःच्या वजनाने टेकून राहते, वर धरल्यावर लोंबते.

मशीन ब्रशवाली असेल तर कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, काढून बघा. झिजून तोकडे झालेले कार्बन धुळीच्या कामात अजून लवकर संपतात. डोक्यावरचं काम वर्षभर करणाऱ्याने पुढची मशीन ब्रशलेस, म्हणजे हे कार्बन नसलेली, घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो.

ब्लेडकडे कुणीच बघत नाही

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, आणि सगळ्यात शेवटी इथे बघितलं जातं. जिप्सम हाताला मऊ लागतं म्हणून लोक लाकडाचं ब्लेड लावतात. पण जिप्सम खनिज आहे, ते लाकडाचे दात घासून टाकतं. काही होल झाले की दात गोल होतात. मग ब्लेड कापत नाही, फक्त घासतं. आपण जोर लावतो. मल्टी-टूलचं ब्लेड मिनिटाला हजारो वेळा जेमतेम दोन-तीन अंश इकडून तिकडे हलतं, तेच त्याचं कापणं. दाबलं की ही हालचाल अडते, मोटर करंट जास्त ओढते, बॅटरी तापते आणि मशीन बंद पडते. मशीन बंद पडली की दोष बॅटरीला जातो.

जिप्सम आणि पीओपीसाठी कार्बाइड ग्रिटचं ब्लेड घ्या, ज्याच्या कडेला दातांऐवजी खरखरीत दाणे असतात. महाग आहे, पण पुरतं. जीआय चॅनल, म्हणजे सिलिंगच्या सांगाड्याची पत्र्याची पट्टी, कापायची वेळ आली तर बायमेटल ब्लेड वेगळं ठेवा. रेषेवर आधी कटरने कागद चिरून घेतला की कड फाटत नाही आणि ब्लेडवरचा ताणही कमी होतो. जिप्समची शीट १२.५ मिलिमीटरची असते, तेव्हा ब्लेडवर १५ मिलिमीटरवर चिकटपट्टी लावा आणि त्याच्या वर जाऊ नका. जास्त खोल गेलेलं ब्लेड वायरपर्यंत पोचतं.

कधी मशीन मध्येच दचकून अडते, खर्रकन आवाज येतो आणि बंद होते. ते बहुतेक वेळा सिलिंग सेक्शनवर, म्हणजे शीट ज्याला स्क्रूने बसवतात त्या पत्र्याच्या पट्टीवर, किंवा स्क्रूवर गेलेलं असतं. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक दोऱ्याला बांधून सिलिंगवरून फिरवा. नीट केलेल्या कामात तो साधारण नऊ-नऊ इंचांवर स्क्रूच्या डोक्याला चिकटतो आणि स्क्रूच्या रांगा दीड-दीड फुटावर सापडतात. त्या रांगा पेन्सिलने आखून घ्या आणि लाइटचं होल दोन रांगांच्या मध्ये घ्या. घरमालक "लाइट बरोब्बर मधातच पाहिजे" म्हणत असेल आणि मधात सेक्शन असेल, तर त्याला चुंबक चिकटवून दाखवा. बहुतेक जण ऐकतात. सेक्शन कापून लाइट बसवला तर तिथली शीट पुढे झोकायला लागते.

जुन्या पीओपीच्या सिलिंगला वेगळी काळजी लागते. त्यात काथ्या असतो. होल-सॉ फिरला की काथ्याचे धागे त्याला गुंडाळतात आणि ड्रिल अडखळते. तिथे मल्टी-टूलच बरी, आणि दर काही मिनिटांनी ब्लेडवर चढलेला थर झटकायचा. पीव्हीसी पॅनलचं सिलिंग असेल तर स्पीड कमी ठेवा. जास्त स्पीडला प्लॅस्टिक वितळतं, कापलेली फट मागच्या मागे पुन्हा चिकटते आणि ब्लेड त्यात फसतं. लोक समजतात मशीनमध्ये दम नाही.

वरचं छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला कोणतीही मशीन लावू नका. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कोरडं कापलं की त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. साध्या मास्कच्या भरवशावर ते काम घ्यायचं नाही. घरमालकाने कितीही सांगितलं तरी नाही.

आणि एक. दोनच लाइटची होल असतील तर मशीन काढूच नका. जिप्समची हातआरी घ्या, पाच मिनिटांत काम होतं आणि धूळही कमी उडते.

बॅटरीचा आकार

हलकी म्हणून २ एएचची बॅटरी वरच्या कामाला घेतात (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). खांद्याला बरं वाटतं, पण आत काय होतं ते बघा. १८ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत सहसा पाच सेल एका रांगेत जोडलेले असतात. ४ एएचच्या बॅटरीत बहुतेक वेळा असे दहा, दोन-दोनच्या जोड्या. मशीन तेवढाच करंट ओढते, पण मोठ्या बॅटरीत तो दोघांत वाटला जातो आणि प्रत्येक सेल कमी तापतो. म्हणून उन्हाळ्यात मोठी बॅटरी लावा, आणि वजनाचं उत्तर घोडीच्या उंचीने द्या. सिलिंग डोक्याच्या वर टीचभर राहील इतकी घोडी उंच करा, म्हणजे कोपर वाकलेलं राहतं. हात पूर्ण ताणून कापणारा माणूस दमला की मशीनला लोंबकळतो, ब्लेड तिरकं होतं आणि फटीत अडकतं. १२ व्होल्टची छोटी मशीनही चालते, पण एकट्या खोलीपुरती.

मल्टिमीटर असेल तर पूर्ण चार्ज बॅटरीचं व्होल्टेज मोजा. पाच सेलची बॅटरी २० ते २१ व्होल्ट दाखवायला हवी. चार्जर हिरवा दाखवतो आणि मीटर १७ च्या खाली, तर एखादा सेल खरोखर बसला आहे. मोजताना मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लागू देऊ नका.

चार्जिंग

गरम बॅटरी चार्जरवर लावली की लाल दिवा लुकलुकतो आणि लोक म्हणतात चार्जर गेला. चार्जिंगसाठीची हद्द कामापेक्षा कमी असते, साधारण ४० ते ४५ अंश. मेच्या दुपारी खोलीच तेवढी तापलेली असते, मग चार्जर वाट बघत बसतो. म्हणून रात्री किंवा पहाटे चार्ज करा. संध्याकाळी गावठाण फीडरवर व्होल्टेज पडतं, तेव्हाही चार्जर रखडतो. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर चार्जर लावला आणि तो गुणगुणायला किंवा तापायला लागला, तर लगेच काढा.

इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर जिवाची गोष्ट सांगतो. सिलिंग कापण्याआधी मेन स्विच पाडला म्हणजे वायर मेल्या असं समजू नका. इन्व्हर्टर लगेच चालू होतो, आणि त्याची लाइन नेमकी लाइट-पंख्यांवर, म्हणजे तुम्ही ज्या सिलिंगमध्ये ब्लेड घालणार तिथेच असते. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, मग टेस्टरने खात्री. कॉर्डलेस मशीनचा खरा फायदा हाच आहे की घराची सगळी वीज बंद करूनही तिने काम करता येतं. तो फायदा घ्या. चष्मा आणि एन-९५ मास्क लावल्याशिवाय मान वर करू नका.

बॅटरी ठेवायची कुठे

गाडीच्या डिक्कीत नाही, टिनाच्या शेडमध्ये नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० च्या वर सहज जातं. पेरणीपासून दिवाळीपर्यंत काम बंद असतं, तेव्हा बॅटरी मशीनमधून काढून, निम्मी चार्ज करून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर सेलचं व्होल्टेज इतकं खाली जातं की चार्जर तिला ओळखतच नाही. पूर्ण भरून गरम जागी ठेवली तर ती आतून म्हातारी होते.

एवढं सगळं करूनही मशीन सकाळच्या गारव्यात, नव्या ब्लेडने, मोकळ्या खाचांनी थांबत असेल, तर बॅटरी बहुतेक खरंच गेली आहे. ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात उघडायला देऊ नका. जुन्या सेलच्या जागी कुठलेही सेल घातलेल्या बॅटरीवर तापमान-सेन्सरचा भरवसा राहत नाही. फुगलेली किंवा फुटलेली बॅटरी तर चार्जरला लावायचीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा नवीन घेताना जुनी विक्रेत्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरला जमा करा. भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तिथे उन्हाने आणि दाबाने ती पेट घेऊ शकते.